उपाशीपोटी

वैशाखात अख्खं सोलापूर तापतं, आणि मी आपली स्वेटर घालून ओसरीवर बसायची. येणारीजाणारी हसायची. हसू देत की! थंडी मला वाजत होती, त्यांच्या बापाचं काय जात होतं?

डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडचं दुखणं सांगितलं होतं. गळ्यातली ग्रंथी काम करीना म्हणे. सहा महिने रोज गोळी घेत होते, तरी तोंड सुजलेलं, केस गळायचे, भाकरी थापता थापता डोळा लागायचा. तेही सोसलं असतं. पण आवाज लई बसला होता. आमची लेक गिरिजा पहिल्या बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. तिच्या बाळाच्या बारशाला माझ्या आईचा कानडी पाळणा मला म्हणायचा होता. घरात तो दुसऱ्या कुणाला येत न्हाय.

आमचे हे, शंकरप्पा, म्हणाले, “न्हायतर दुधनीच्या विहीणबाई म्हणतील की दुसरा कुठला तरी.”

मी असं बघितलं, की हे चप्पल हातात घेऊनच दुकानाकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन भांडले. “तुमच्या गोळीत दम न्हाय.”

“वाढवून देते,” त्या म्हणाल्या. “पण उपाशीपोटी घेता ना?”

“घेते की! एकदम कडक उपास. चहा, कपभर दूध, दोन केळी, मूठभर शेंगदाणे. भाकरीचा तुकडा न्हाय तोंडात!”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “अहो गौरम्मा, हा सोमवारचा उपास न्हवं! उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर गोळी. मग तासभर काही न्हाय. चहासुद्धा न्हाय. दूध पोटात गेलं की गोळी नीट लागत न्हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी उपास केला आणि गोळी वाया घालवली!

पहिल्या दिवशी चहाविना तो तास सरता सरेना. त्यात ह्यांनी माझ्यासमोर बशीत चहा ओतून फुर्रकन ओढला. मी बशीच हिसकावून घेतली. तेव्हापासून घरात सगळ्यांचाच चहा तासभर लांबला.

आषाढात स्वेटर ट्रंकेत गेला. केस अजून गळतात, दुपारी अंग जड होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दम धरा, हळूहळू होईल. आवाज मात्र तेवढा सुटला.

श्रावणात बारसं झालं. विहीणबाई घसा खाकरून तयारीत बसल्या होत्या. मी पाळण्याची दोरी धरली. पहिली ओळ फाटली. गिरिजानं मान खाली घातली. मी थांबले न्हाय. दुसऱ्या ओळीला आवाज लागला, आणि कानावर आला तो माझ्या आईचाच. मला रडू फुटलं, तरी म्हणत राहिले. विहीणबाईंनीही डोळे पुसले.

पाळणा संपला तेव्हा नात गाढ झोपली होती.

हे हळूच म्हणाले, “आणि तू गं? तू न्हाय झोपलीस?”

“न्हाय,” मी म्हणलं. “आज मी झोपवलंय.”