बोंडं नाही, बोटं

दोन हजार सहाच्या हंगामात दिग्रसच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस फारसा आलाच नाही. म्हणून एका दुपारी तिथलं रिकामं शेड कहकशांच्या बँडला कार्यक्रमासाठी मिळालं. वेचणीच्या बायांची गाणी हा बँड गिटार-ड्रमवर म्हणायचा. ती गाणी गायिका कहकशांला शिकवली होती वेचणीला जाणाऱ्या गिरजाबाईनं. ती आज आपल्या मैत्रिणींना घेऊन पुढेच बसली होती.

पहिलं गाणं संपतं न संपतं तोच लाइट गेली. माइक बंद, स्पीकर बंद.

"आता चार वाजल्याशिवाय येत नाही," गिटारवाला इम्तियाज म्हणाला.

"मग तसंच गाऊ. रेकॉर्डिंगचा तुझा टेप सेलवर चालते ना?" कहकशां म्हणाली.

इम्तियाजनं साधी गिटार घेतली आणि टेपवर रेकॉर्डिंग सुरू केलं. माइकशिवाय गाताना कहकशांला आपलाच आवाज उघडा वाटत होता. "बोंडं फुटली गं माझी" ही ओळ तिनं म्हटली आणि गिरजाबाई मधेच उठली.

"असं नाही वं पोरी. बोंडं नाही, बोटं. वेचून वेचून बोटं फुटतेत."

वर्षभर ती ओळ चुकीची गायली होती. कहकशां खाली उतरून तिच्याशेजारी बसली. "मावशी, तूच म्हण."

गिरजाबाईनं गाणं उचललं, मागच्या बायांनी धरलं आणि इम्तियाजची गिटार हळूच त्यांच्यामागून निघाली.

पुढच्या आठवड्यात त्या टेपच्या कॉप्या गावभर फिरल्या आणि गिरजाबाईनंही ते रेकॉर्डिंग ऐकलं. "मी मधातच बोलली. कापलं काहून नाही?"

"तेच तर लोक पुन्हा पुन्हा लावून राह्यले, मावशी," कहकशां म्हणाली.

गिरजाबाई पदराआड हसली. "मंग अजून एक डाव लाव."