हिरोशिमापर्यंतचा पास

न्यूयॉर्कच्या ऑफिसमधून परतलेली रेणू प्रिन्स्टन जंक्शनला उतरून पार्किंग लॉटमध्ये आपल्या गाडीपाशी पोचली, तेवढ्यात फोन वाजला. बाबांचं नाव दिसलं. जपानमध्ये उद्याची सकाळ उजाडली असणार. आज पुन्हा बुलेट ट्रेनचं कौतुक ऐकायचं, असं मनाशी म्हणत तिने हसतच फोन घेतला.

"रेणू, तुझ्या आईचा फोन आला का गं तुला?"

"नाही. का?"

मागे स्टेशनवरची कुठली तरी घोषणा चालू होती.

"बाबा, आई कुठाय?"

"गाडीत," ते म्हणाले. "गाडी गेली."

रेणूचे बाबा, गुरुनाथ सबनीस, सहजी घाबरणारे नव्हते. समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. वादळात दोनदा अडकले होते, आणि घरी येऊन त्याच्या गोष्टी जेवताना सांगितल्या होत्या. अहिल्या, रेणूची आई, ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होती. दोघं रिटायर होऊन शुगर लँडच्या घरात राहत होती. जपानच्या गाड्यांतून हिंडायचं हे बाबांचं फार जुनं वेड होतं. अख्ख्या देशाचा पास न घेता त्यांनी ओसाका ते हिरोशिमा एवढ्या भागाचाच पास घेतला होता. त्या पट्ट्यात बुलेट ट्रेनसकट कुठल्याही गाडीत बसता यायचं. "रिझर्वेशनही करता येतं, पण करायचं कशाला?" ते रेणूला म्हणाले होते. "मोकळ्या डब्यात शिरायचं, वाटेल तिथे उतरायचं. तीच तर मजा!"

आता ते तुटक तुटक सांगत होते. ओसाकाहून गाडीत बसले. मध्ये ते बाथरूमला गेले. परत आले तर अहिल्याची सीट रिकामी. गाडी ओकायामाला थांबलेली, आणि खिडकीतून प्लॅटफॉर्मवर तिच्यासारखंच जांभळं जॅकेट दिसलं. ते धावत उतरले. ती भलतीच बाई निघाली. मागे वळेपर्यंत दारं मिटली होती. प्लॅटफॉर्मवर अहिल्या कुठेच नव्हती, म्हणजे ती गाडीतच होती.

"पासपोर्ट, पास, सगळं माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये आहे. तिच्याजवळ फक्त फोन. आणि तो ती उचलत नाहीये."

"ओके. बाबा, घाबरू नका. आई शहाणी आहे. हिरोशिमाला उतरेल आणि थांबेल. तुम्ही पुढची गाडी पकडा."

"नाही थांबणार," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"रेणू, तिला... तिला हल्ली आठवत नाही गं. दीड-दोन वर्षं झाली. कधी कधी मीसुद्धा आठवत नाही तिला."

रेणू गाडीचं दार उघडून आत बसली. गेल्या वर्षभरातले फोन तिच्या डोळ्यांसमोरून सरकले. नेहमी स्पीकरवर, नेहमी बाबांचं उत्तर आधी. 'आईला काय विचारतेस, तिचा गुडघा बराय.' 'आई झोपलीय.' 'आईला तू सांगितलेली भाजी आवडली म्हणतेय.' आई स्वतः काय म्हणाली होती, ते तिला एकदाही आठवेना.

"तुम्ही हे मला आत्ता सांगताय?"

"तिनेच शपथ घातली होती. डॉक्टर आहे ना ती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं."

भांडायला वेळ नव्हता. रेणूने त्यांना स्टेशनच्या ऑफिसात जायला सांगितलं. थोड्या वेळाने ते पुन्हा फोनवर आले. ऑफिसातली माणसं फार चांगली होती, पण ती विचारत होती, कुठली गाडी? कितवा डबा? कोणती सीट? बाबांकडे एकाचंही उत्तर नव्हतं. पास दाखवून फाटकातून आत शिरले होते आणि समोर आली त्या गाडीत चढले होते. पाठोपाठ सुटणाऱ्या गाड्यांपैकी कोणती, हेही त्यांना खात्रीने सांगता येईना.

रेणूने प्रवासाआधी हट्ट करून आईच्या फोनचं लोकेशन स्वतःच्या फोनवर घेतलं होतं. तिने ते उघडलं. जपानच्या नकाशावर एक निळा ठिपका होता. बघता बघता तो एक गाव ओलांडून पुढे गेला आणि एकदम नाहीसा झाला.

तिने स्क्रीन पुसली. पुन्हा उघडली. काही नाही. ठिपका कितीतरी पुढे परत उगवला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, बोगदा. तिकडे सगळे डोंगर पोखरून काढलेले आहेत असं बाबाच म्हणाले होते. पण पुढच्या वेळी तो गेला तेव्हाही तिने स्क्रीन पुसलीच.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कितव्या तरी खेपेला आवाज आला.

"हॅलो?"

"आई! आई, मी रेणू. बरी आहेस ना?"

"मी बरी आहे." आवाज शांत होता, जरा औपचारिक. "गाडी छान आहे."

"शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही. एक गृहस्थ होते. उतरले वाटतं. छत्री विसरलेत बिचारे."

"कसे होते गं ते गृहस्थ?"

"चांगले होते. सारखं पाणी हवं का विचारत होते. जरा जास्तच चौकशी करत होते, पण वयस्कर माणूस, काय बोलायचं." मग एकदम, "तुम्ही कोण बोलताय?"

"रेणू, आई. तुझी रेणू."

"रेणू शाळेत आहे," आई म्हणाली. आता आवाज बदलला होता. "कोण आहात तुम्ही? रेणूचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं? तिला काय केलंत?"

"आई, ऐक..."

"मी पोलिसांना सांगेन! मला उतरायचंय. कुठे आहे मी? ही कुठली गाडी आहे?"

फोन कट झाला. ठिपका पुन्हा बोगद्यात गेला होता.

खिडकीवर टकटक झाली तशी रेणू किंचाळलीच. परीक्षित होता, तिचा नवरा. रडत रडत तिने त्याला मेसेज केला होता आणि तो घरून तसाच घरच्या चपलांवर आला होता. तो शेजारच्या सीटवर बसला. तिने सांगितलेलं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिरोशिमा किती लांब आहे?"

"जवळच. तिथे ती गर्दीत उतरली तर? कोणाला नाव पण सांगणार नाही ती. इतकी घाबरलीय माझ्यामुळे."

"आणि नाही उतरली तर?"

"तर गाडी पुढे फुकुओकापर्यंत जाते. मध्ये समुद्राखालून."

बाहेर लोक ट्रेनमधून उतरून आपापल्या गाड्या शोधत होते, बीप बीप करत दारं उघडत होती. ठिपका परत दिसला. रेणूने फोन हातात घेतला आणि तशीच थांबली.

"लाव ना," परीक्षित म्हणाला.

"मी रेणू आहे म्हटलं की ती घाबरते."

"मग रेणू होऊ नकोस."

रेणूने त्याच्याकडे पाहिलं. तिला लहानपणीच्या संध्याकाळी आठवल्या. जेवणाच्या टेबलावर हॉस्पिटलचा फोन यायचा. सर्जन ऑपरेशन थांबवून उभा असायचा, गाठ कसली आहे ते आईने हॉस्पिटलात जाऊन सांगेपर्यंत. त्या फोनवर आईचा आवाज वेगळाच असायचा. एकही शब्द जास्त नाही. घरात तेव्हा कोणी चमचासुद्धा वाजवायचं नाही.

तिने फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि आईने उचलला. नुसता घाबरा श्वास.

रेणूने इंग्रजीत, शक्य तितक्या सपाट आवाजात म्हटलं, "डॉक्टर सबनीस? लॅबमधून बोलतेय. अर्जंट आहे."

आईचा आवाज आला, स्वच्छ, करडा. "येस. गो अहेड."

रेणूने तोंडावर हात दाबला. परीक्षितने तिचा दुसरा हात घट्ट धरला.

"डॉक्टर, तुम्ही बसल्या जागी थांबायचं आहे. उठायचं नाही. तुमच्या जवळपास कोणी आहे का?"

"पलीकडे एक बाई आहेत."

"मला त्यांच्याशी बोलायचंय. प्लीज फोन त्यांना द्या."

"पेशंट स्टेबल आहे?"

"हो, डॉक्टर," रेणू म्हणाली. "अजून तरी."

खडखड झाली. मग एका अनोळखी बाईचा बिचकलेला आवाज आला. तिला इंग्रजी थोडंच येत होतं. रेणूने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. माझी आई. एकटी. आजारी. विसरते. कंडक्टरला बोलवा. बाई दर शब्दाला "हाय, हाय" म्हणत होती. जपानीत ते 'हो' असतं हे रेणूला माहीत होतं, तरी त्या क्षणी ते आपल्याकडच्या 'हाय हाय'सारखंच कानाला लागलं. शेवटी बाई म्हणाली, "आय सिट. मदर, आय सिट टुगेदर." आणि फोन बंद पडला. या वेळी ठिपका परत उगवला नाही. आईच्या फोनची बॅटरी संपली होती.

आता फक्त थांबायचं. अंधार पडायला लागला होता. परीक्षितने गाडी सुरू करून एसी लावला, घरी जाऊ या म्हणाला. रेणू नको म्हणाली. हललं तर काहीतरी तुटेल असं तिला वाटत होतं.

बाबांचा फोन आला तो हिरोशिमाहून. ते मागच्या गाडीने तिथे पोचले होते.

"ती उतरली नाही, रेणू. कंडक्टरने कळवलं होतं, इथले लोक दारात उभे होते तिला घ्यायला. युनिफॉर्म बघून घाबरली. एका बाईचा हात धरून बसली, सोडेचना. शेवटी गाडी सोडावी लागली."

"म्हणजे ती बाई आहे बरोबर. बाबा, तुम्ही पुढची गाडी घ्या, जा मागोमाग!"

"पण पास इथपर्यंतच आहे."

"काय?"

"माझा पास हिरोशिमापर्यंतच आहे," ते म्हणाले. लहान मुलाने शिकवलेलं वाक्य म्हणावं तसं. "पुढे चालत नाही. मी वाचलंय. पुढे चालत नाही गं तो."

आईसाठी वाटत होती ती भीती वेगळी होती. हे बाबा होते. प्रत्येक अडचणीत 'बघू या' म्हणणारे बाबा, परक्या देशातल्या प्लॅटफॉर्मवर पास हातात धरून उभे होते आणि त्यांना पुढचं पाऊल सुचत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "माझं ऐका. तुमच्याजवळ स्टेशनचा कोणी माणूस आहे? त्याच्या हातात फोन द्या. आणि तो सांगेल त्या गाडीत बसा. तिकिटाचं नंतर बघू. आई पुढे आहे. तुम्ही फक्त बसा."

"बसतो," ते म्हणाले. "बसतो बेटा."

स्टेशनच्या माणसाने सगळं नीट समजून घेतलं. बाबांना गाडीत बसवून देतो, आणि पलीकडे आमची माणसं तुमच्या आईला एकटं सोडणार नाहीत, असं त्याने मोजक्या इंग्रजीत सांगितलं. रेणूने त्याचे किती वेळा आभार मानले कोण जाणे. पण फोन ठेवल्यावर भीती होती तिथेच होती. मध्ये कोकुरा स्टेशन होतं. आई तिथे उतरली तर? त्या बाईलाच तिथे उतरायचं असलं तर? 'आय सिट' म्हणाली, पण कुठपर्यंत? रेणूने डोळे मिटले की तिला जांभळं जॅकेट गर्दीत दिसायचं, पाठमोरं, आणि वळलं की चेहरा भलत्याच बाईचा.

पार्किंग लॉट जवळजवळ रिकामा झाला, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग बाबांचं कपाळ, मग आई. फुकुओकाच्या स्टेशनच्या ऑफिसात एका खुर्चीवर, समोर हिरव्या चहाचा कप. तिच्या शेजारी ती बाई अजून बसलेली होती. साठीची असेल. तिच्या मांडीवर आईचं जॅकेट नीट घडी करून ठेवलेलं होतं.

"रेणू!" आई म्हणाली. "अगं, तुझे बाबा बघ. किती वेळ लावला यायला. आणि आल्यापासून रडतायत. काय झालंय, मला कोणी सांगतच नाही."

परीक्षितने फोन हातात घेतला. "काही नाही आई. त्यांची गाडी चुकली होती."

"एवढ्यासाठी रडायचं?" आई म्हणाली आणि चहाचा कप उचलला.

दुसऱ्या दिवशी रेणू फुकुओकाला निघाली. बाबा म्हणत होते, आता ठीक आहे, आम्ही येतो आमचे, तू कशाला धावतेस. तिने ऐकलं नाही. तिथे पोचेपर्यंत हॉटेलच्या खोलीबाहेर पडू नका, एवढंच सांगितलं. ती दोघांना घेऊन परतली ती थेट वेस्ट विंडसरला, आपल्या घरी. शुगर लँडच्या घराचं काय करायचं ते पुढचं पुढे. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेतल्या. आईला वरची उजेडाची खोली दिली. त्या आठवड्यात आईने रेणूला रोज ओळखलं. एकदा तर रेणू किती वाळलीय म्हणून तिच्यावर रागावलीसुद्धा.

एका सकाळी परीक्षित कॉफी करायला खाली आला. बाबा बाहेरच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. मान छातीवर पडली होती, गाढ झोपले होते. कमरेला पाऊच होतं आणि पायांत लेस बांधलेले बूट.

त्याने त्यांना उठवलं नाही. वर जाऊन रेणूला सांगितलं. ती खाली आली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे लेस सोडायला लागली. पहिला बूट निघाला तसे ते दचकून जागे झाले.

"आली का गाडी?" त्यांनी विचारलं.

"घरी आहोत, बाबा," रेणू म्हणाली. "आई वर झोपलीय. मी आत्ताच बघून आले."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग दुसरा पाय पुढे केला.