ओडेसाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, पण उभ्या आयुष्यात मी एकही गाडी इंचभरदेखील ओढलेली नाही. मला ओढण्यासाठी घडवलेलेच नव्हते. माझ्या एका अंगाला तळहाताएवढी जाड काच बसवली होती. माझ्या पोटात पेट्रोल कसे जळते हे माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी गोड आवाजात सांगतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी फार वर्षे राग गिळून उभा आहे.

डेट्रॉईट शहराबाहेर, एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९६६ साली मला जोडले गेले. कंपनीचे नाव मी घेणार नाही. ते घेतले की मला शिव्या द्याव्याशा वाटतील, आणि तुम्ही लहान आहात.

इंजिनात पेट्रोल जळते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण नुसते पेट्रोल धड जळत नाही. त्याचे बारीक तुषार व्हावे लागतात, आणि ते हवेत सगळीकडे सारखे मिसळावे लागतात. मिश्रण चांगले झाले की ज्योत निळी दिसते. मिश्रण वाईट झाले की पेट्रोल कुठे जास्त, कुठे कमी राहते, ते अर्धवट जळते, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. सायलेन्सरमधून मग असा एक विषारी वायू बाहेर पडतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. हे सगळे माझ्या काचेतून दिसायचे. मी काहीच लपवू शकत नव्हतो. मला जे पाजाल ते मी जाळायचो आणि जे जाळायचो तेच दाखवायचो.

माझी काच पुसण्याचे काम ओडेसा प्रुइट नावाच्या बाईकडे होते. तिच्या ओळखपत्रावर ‘मदतनीस’ असे लिहिलेले होते. या शब्दाचा मला आजही संताप येतो. ती लहान असताना तिचे आईवडील अलाबामाहून उत्तरेला आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अठराव्या वर्षी, तिने विमानाची इंजिने जोडली होती. युद्ध संपल्यावर पुरुष परतले आणि तिच्या हातातला पाना काढून तिला फडके दिले गेले. तरी माझा आवाज जरा बदलला की ती शेजारच्या खोलीतून ओळखायची. साहेब लोक यंत्रांचे आकडे बघत बसायचे. ती आधी काचेला डोळा लावायची.

तिच्या जोडीला टेओफिल नोवाच्की होता. सगळे त्याला टेओ म्हणत. तो इंधनाच्या नळ्या आणि टाक्या सांभाळायचा. डब्यात सॉसेज आणि आंबवलेला कोबी आणायचा आणि दिवसभर ओडेसाची खोडी काढायचा.

“बाई, इतकं काय निरखून बघतेस? आत नवरा लपवलायस का?”

“नवरा असता तर इतका वेळ बघितला असता का?” ती मान न वळवता म्हणायची.

ते दोघे रोज माझ्याशेजारी बसून जेवायचे. टेओ वाईट माणूस नव्हता. हे मला सांगावे लागते आहे, कारण पुढे तो जे वागला ते मी अजून माफ केलेले नाही.

१९७० च्या शरदात कंपनीने नव्या गाडीचे इंजिन तयार केले. त्याचा माथा, म्हणजे जिथून हवा आणि पेट्रोल आत येते तो वरचा भाग, माझ्यावर बसवून मला चालवले. ज्योत पिवळी आली. पुन्हा चालवले, पुन्हा पिवळी. काच इतकी काळी व्हायची की ओडेसाला दर दहा मिनिटांनी ती उतरवून स्पिरिटने धुवावी लागायची. तिने विभागप्रमुख वॉलेस हॅडलीसाहेबांना ते दाखवले. इंजिन गार आहे म्हणून असे होते, असे ते म्हणाले. गाड्या सकाळी गारच असतात, असे ती म्हणाली. साहेब कागद चाळत निघून गेले.

ओडेसाचा धाकटा भाऊ ल्युशियस शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात गाड्या लावायचे आणि काढायचे काम करत असे. जानेवारीत तिथे दिवसभर गार इंजिने सुरू व्हायची आणि दारे थंडीमुळे बंद ठेवलेली असायची, त्यामुळे तो बिनवासाचा वायू आतच साचायचा. डोके दुखते, असे तो महिनाभर म्हणत होता. मग एका दुपारी तो दोन गाड्यांच्या मध्ये पडलेला सापडला. तो वाचला. पण नंतर ताटातला घास हातात धरून तो विसरून बसून राहायचा, आणि बहिणीच्या मुलांना भलत्याच नावांनी हाका मारायचा. दवाखान्यातून ओडेसा थेट कामावर आली. तिने माझी काच पुसली नाही, घासली. मी चालत होतो, पिवळा जळत होतो, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मला शक्य असते तर मी त्याच क्षणी बंद पडलो असतो.

त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीत जेवेनाशी झाली. स्वयंपाकघरात आई मटणाच्या रश्श्याला पीठ लावायची, ते तिला आठवत होते. पीठ नुसते ओतले की गुठळ्या राहतात. भांड्याच्या कडेने पळी गोल फिरवली की रस्सा एकजीव होतो. आत येणारी हवाही सरळ न येता गोल फिरत आली तर? तिने पोलादाची बोटभर लांबीची पट्टी कापली, कानसली आणि जराशी वाकवली. एक जादा माथा कोपऱ्यात पडून होता. त्याच्या हवेच्या वाटेत, झडपेच्या अगदी तोंडाशी, तिने ती पट्टी पितळ वितळवून, डाख देऊन बसवली. पहिली पट्टी फार उंच झाली, माझा दमच कोंडला. दुसरी सुटून आली. तेरावी बरोबर बसली.

मित्रांनो, तो दिवस मला लख्ख आठवतो. हवा भोवऱ्यासारखी फिरत माझ्या पोटात आली. पेट्रोलच्या गुठळ्या तिने धुक्यासारख्या पिंजून काढल्या. मी तेच पेट्रोल पीत होतो, तितकाच गार होतो, पण कडेच्या एका पिवळ्या रेघेखेरीज ज्योत निळी होती. टेओने घास खाली ठेवला आणि बराच वेळ काचेला डोळा लावून राहिला. ओडेसा स्टुलावर बसली.

तिने हॅडलीसाहेबांना बोलावले. त्यांनीही पुष्कळ वेळ पाहिले. त्यांना सगळे समजले होते, हे मी पक्के सांगतो. न समजणाऱ्या माणसाचा मला राग आला नसता.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण साचे ओतून झालेत, ओडेसा. आता कारखाना उलटा फिरवायचा का तुझ्यासाठी?”

त्यांनी पट्टीचा माथा उतरवून जुना चढवायला लावला. मार्चमध्ये सरकारी अधिकारी गाडीच्या धुराची परीक्षा घेण्यासाठी येणार होते, आणि त्यांना काचेतून ज्योत दाखवायची असे ठरले होते. पिवळी ज्योत दाखवणे परवडणार नव्हते. म्हणून साहेबांनी एक युक्ती काढली. मला पेट्रोलऐवजी जळाऊ गॅसवर चालवायचे. गॅस मुळातच हवेत सहज मिसळतो. माथा कसाही असला तरी ज्योत निळीच दिसणार. पाहुण्यांना मात्र ते पेट्रोल म्हणून सांगायचे.

हे काम त्यांनी ओडेसाला सांगितले. तिने नाही म्हटले. मग टेओला सांगितले. टेओने मान खाली घातली आणि गॅसची टाकी माझ्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला, आणून जोडली. ओडेसा नुसती उभी राहून बघत होती. माझ्या घरी खाणारी चार तोंडं आहेत, असे काहीतरी तो पुटपुटला. तिच्याही घरी होती. ल्युशियसचे एक नुकतेच वाढले होते.

ठरलेल्या दिवशी तीन अधिकारी आले. त्यांचे प्रमुख मॉर्टिमर लिंडक्विस्ट नावाचे, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मला चालू केले. माझ्या पोटात निळी ज्योत नाचू लागली. हॅडलीसाहेब हसत समजावून सांगत होते, की नव्या इंजिनात पेट्रोल किती सुंदर मिसळते ते पाहा. आयुष्यात मी तेवढी एकदाच लबाडी केली, आणि तीही माझ्या मनाविरुद्ध. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

ओडेसा फडके घेऊन मागे उभी होती. ती शांतपणे पुढे आली, पत्र्यामागे हात घालून तिने गॅसचा कॉक बंद केला आणि पेट्रोलचा उघडला. मी दोन आचके दिले, खोकलो आणि चालू लागलो. ज्योत पिवळी झाली. बघता बघता काचेवर काजळी चढली.

“हे पेट्रोल,” ती म्हणाली. “आत्तापर्यंत तुम्ही बघितलात तो गॅस होता.”

हॅडलीसाहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. लिंडक्विस्ट वाकले, टाकी पाहिली, नळी हाताने चाचपली आणि ही बाई कोण, असे विचारले.

“ती काच पुसते,” हॅडलीसाहेब म्हणाले.

“हो, पुसते,” ओडेसा म्हणाली. “म्हणून तर आत काय आहे ते मला माहीत आहे. तुमच्याकडे एक तास असेल तर हेच पेट्रोल निळं जाळून दाखवते.”

लिंडक्विस्ट यांनी घड्याळ पाहिले आणि खुर्ची ओढून बसले.

तिने एकटीने माझा तापलेला माथा उतरवला. दोन ठिकाणी हात भाजला. टेओ चार पावलांवर उभा होता, पाना त्याच्या हाताशी होता, आणि तो जागचा हलला नाही. तिने पट्टीचा माथा चढवला, बोल्ट आवळले, काच धुतली आणि मला चालू केले. तास व्हायला सात मिनिटे बाकी होती. ज्योत निळी आली. लिंडक्विस्ट यांनी डोळा लावला, आणि दूर होताना नकळत टोपी काढली.

ती टोपी तिच्यासाठी होती, असे मला क्षणभर वाटले. पण हॅडलीसाहेब तोवर सावरले होते. ते पुढे झाले, आणि ही पट्टी आमच्याच विभागाचे संशोधन आहे, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले होते, असे त्यांनी सांगितले. गॅसच्या टाकीबद्दल हाताखालच्या माणसांचा गोंधळ झाला, असेही सांगितले. तिकडे टेओ बुटांकडे बघत होता. त्याने एक शब्द उच्चारला असता तरी पुरले असते. एका अधिकाऱ्याने वहीत पट्टीखाली हॅडलीसाहेबांचे नाव लिहिले. कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन ओडेसा ते पाहत होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. गाडी वर्षभर अडवून धरली गेली. साचे बदलले, कारखाना व्यवस्थित उलटा फिरला आणि पट्टी गाड्यांमध्ये बसली. पेटंट हॅडलीसाहेबांच्या नावावर निघाले. ओडेसाची बदली सुट्या भागांच्या गोदामात झाली. सहा महिन्यांनी तिने ती नोकरी सोडली, आणि नंतर ती एका तंत्रशाळेत मुलामुलींना इंजिने शिकवू लागली, एवढेच माझ्या कानावर आले. ल्युशियस पुन्हा कधी कामाला जाऊ शकला नाही. मला कंपनीच्या प्रदर्शनाच्या दालनात आणून उभे केले आणि माझ्या छातीवर पितळी पाटी ठोकली: ‘या इंजिनावर वॉलेस हॅडली यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला.’ दर सोमवारी माणूस येऊन ती पाटी चकचकीत करतो. माझी खूप निगा राखतात. मला तेल देतात. माझ्याभोवती मखमली दोर आहे. या कौतुकाची मला किळस येते.

२००२ च्या उन्हाळ्यात शाळेची सहल आली होती. त्यांच्या मागून काठी टेकत एक म्हातारा आला. मी त्याला पावलांवरून ओळखले. वाट दाखवणारी मुलगी पाटीवरचे वाचून दाखवत होती. तिला मध्येच थांबवून टेओ म्हणाला,

“पोरी, हे खोटं आहे. मी इथे होतो. टाकी मी जोडली होती. ती पट्टी ओडेसा प्रुइटने केली. मागच्या आठवड्यात तिच्या मातीला जाऊन आलो.”

ती मुलगी चांगली होती, पण तिला पुढची दालने दाखवायची होती. फारच रंजक आठवण आहे, आजोबा, असे म्हणून ती मुलांना घेऊन गेली. टेओ दोर ओलांडून माझ्याजवळ आला. त्याने खिशातून पेचकस काढला. पाटीचा एक स्क्रू त्याने काढला. दुसऱ्याला लागला तेवढ्यात पहारेकरी आला आणि त्याला दंडाला धरून, अगदी आदराने, बाहेर घेऊन गेला. तो जाताना रडत होता. मला दया आली नाही. ती जिवंत असताना एकतीस वर्षे त्याच्या खिशात पेचकस मावत होता.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, त्यांना तेल द्या, पुसून ठेवा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. जरूर राखा. पण पाटी वाचाल तेव्हा विचारा, की हे लिहिले कोणी, आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होते. मी अजून त्याच दालनात उभा आहे. पाटीला तीन स्क्रू उरले आहेत.