कोंबडी आत, फ्लोराबाई बाहेर

उरणच्या बेटावर कोंबडी कुणी कोंडत नसे. सकाळी खुराडं उघडलं की ती गावाची, तिन्हीसांजेला पुन्हा घरची. फ्लोराबाईंनी ज्यूंच्या नव्या देशात, येरुहामच्या वाळवंटात येऊनही हाच कायदा चालवला. पत्र्याच्या खोल्यांच्या त्या वस्तीत त्यांच्या कोंबड्या मोरोक्कोहून आलेल्या शेजाऱ्यांच्या चुलीपासून थेट कचेरीपर्यंत हिंडत.

कचेरीपुढे वस्तीचा व्यवस्थापक हिलेल याने रोपं लावली होती. कोंबड्यांनी ती उकरली. मग हुकूम निघाला: कोंबड्या बंद जागेत ठेवा, नाहीतर जप्त होतील.

बाकीच्यांनी जाळ्या आणल्या. फ्लोराबाईंनी आणली नाही. हिलेलच्या माणसांनी त्यांच्या कोंबड्या पोत्यांत भरून कचेरीमागच्या कोठडीत टाकल्या. उरली एक तांबडी. ती खाटेखाली टोपलीत अंड्यांवर बसली होती. जवळच्या खाणीतल्या सुरुंगांच्या धडाक्यांनी अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत विळी ठेवलेली. उरणला गडगडाटाच्या दिवसांत असंच लोखंड ठेवत.

"नारळ नाही तिथं विळी कशाला आणलीस, असं वाटत होतं मला," नवरा इझिकेल म्हणाला. "लागली कामाला."

दुसऱ्या दिवशी हिलेल स्वतः आला.

"तिला उठवलं तर पिल्लं मरतील, सांगा त्याला," फ्लोराबाई म्हणाल्या.

इझिकेलने हिब्रूत सांगितलं. हिलेल म्हणाला, "हुकूम सगळ्यांना सारखा. बंद जागा पाहिजे."

"बंद जागा म्हणजे काय, विचारा."

"चार भिंती, वर छप्पर, दाराला कडी."

फ्लोराबाईंनी वर पाहिलं, चहूकडे पाहिलं. मग स्टोव्ह उचलला. "अहो, सतरंजी घ्या."

"कुठं?"

"बाहेर. खोली कोंबडीला दिली."

त्यांनी बाहेरून कडी लावली. हिलेल म्हणाला, "असं उघड्यावर राहता येणार नाही."

"माणसानं मोकळं फिरू नये असा हुकूम आहे का, विचारा."

"हे मी नाही विचारायचा," इझिकेल म्हणाला. तेव्हा बाईंनी स्वतःच मोडक्या हिब्रूत विचारलं. हिलेल निघून गेला.

डाळीत वाळू पडू लागली. इझिकेलची पाठ धरली. शेजारची ॲलिस म्हणाली, "काय फ्लोराबाई, सुनेला खोली दिलीत वाटतं?"

"सून असती तर इतकी गप्प बसली असती का, बाई?"

शेवटी हिलेलने निरोप धाडला: घरात जा, कोंबडी मला दिसलीच नाही असं समजतो.

"जाऊ या गं," इझिकेल म्हणाला.

"आणि बाकीच्या? त्या कोठडीत आहेत तोवर मी आत पाऊल टाकणार नाही."

अंडी फुटून पिल्लं आली. त्यांच्या अंगावरची पिवळी लव वाळल्यावर फ्लोराबाईंनी दार सताड उघडलं. तांबडी बाहेर आली, मागे पिल्लं, त्यांच्यामागे, इझिकेलने आतून काढून दिलेली विळीसकट टोपली घेऊन बाई. सगळी वरात कचेरीपुढे थांबली.

"टोपली रिकामी झाली," त्या हिलेलला म्हणाल्या. "आता माझ्या कोंबड्या दे."

"उद्या बघू."

"तिन्हीसांज होत आली. कोंबड्यांनी घरी यायची वेळ ही." असं म्हणून त्या पायरीवर बसल्या, विळी टोपलीत, टोपली मांडीवर.

हिलेल किल्ली शोधायला आत गेला. तेवढ्यात तांबडीने उरलंसुरलं एक रोप उकरायला घेतलं. फ्लोराबाईंनी तिला हाकललं नाही.