फाटकाला उत्तर देणारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अकबेल घाटाच्या पायथ्याशी रस्तेवाल्यांची चौकी आहे. तिच्या मागच्या खोलीत, शेगडीपासून चार हात लांब, एका फळीवर मी राहतो. माझा पंखा कुरकुरतो, पाठीवरचा रंग उडाला आहे. पण कामाला लागल्यापासून नऊ हिवाळे मी फाटकाला कधी खोटं सांगितलं नाही. हे शहाणपण माझं नव्हे. ते मला जिपाराने शिकवलं.

त्याआधी मी ओश शहरातल्या एका शाळेत हजेरीपत्रकं छापत असे. नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, झाडू-बादल्यांच्या संगतीत झाली. जिपारा ही रस्त्यांच्या कामावरची अभियंता. तिने मला तिथून उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाली, "अरे, तू तर ठणठणीत आहेस!"

चौकीवर आणून तिने मला सर्व्हर केलं. म्हणजे काय, ते सांगतो. घाटमाथ्यावर बर्फ मोजणारा एक खांब आहे. तो मला आकडे पाठवतो. फाटकावर एक छोटं यंत्र आहे. त्याला आकडेमोड येत नाही. गाडी आली की ते तारेवरून मला विचारतं, "रस्ता खुला का?" मी आकडे तपासून उत्तर देतो आणि त्याप्रमाणे फाटकाचा दांडा वर जातो किंवा खालीच राहतो.

पहिल्या दिवशी जिपाराने फाटकावरून मला नुसतं विचारलं, "दोन आणि तीन किती?" मी सांगितलं, पाच. ती आनंदाने टाळ्या वाजवू लागली. फाटकाचे राखणदार एर्गेश अका, म्हणजे एर्गेशदादा, दारात उभे होते. तीस हिवाळे त्यांनी हा घाट राखला होता.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आलीस, पोरी? पाच तर माझी मेंढीसुद्धा सांगेल."

"मग उद्या तिलाही आणा, अका. तिचीही परीक्षा घेऊ."

चार दिवस तिने मला बर्फाचे नाना आकडे दिले. माझं एकही उत्तर चुकलं नाही. जिपाराच्या साहेबांचा फोन आला, आजच काम सुरू करा. तेवढ्यात चहावर फुंकर घालत अका म्हणाले, "पोरी, वारा सुटला की वरचा खांब गोठतो, मुका होतो. तेव्हा तुझा हा काय सांगेल?"

जिपारा उठली आणि तिने खांबाकडून येणारी तार उपटली. फाटकाने विचारलं. मी तत्काळ म्हणालो, "रस्ता खुला."

दांडा दिमाखात वर गेला. आकडा आलाच नव्हता आणि मी त्याला शून्य समजलो होतो. शून्य बर्फ, म्हणजे खुला रस्ता! माझ्या तारा लाजेने तापल्या. "चूक माझी आहे," जिपारा म्हणाली. मग तिने फोन उचलला. "नाही साहेब, आज नाही. उशीर माझ्या नावावर लिहा."

पुढचे तीन दिवस ती मला दोनच शब्द शिकवत होती: "माहीत नाही." ते ऐकलं की दांडा खालीच राहायचा. तिने चाळीस वेळा तार उपटली, अर्धे आकडे पाठवले, उलटे पाठवले. अका शेजारी बसून एकाहून एक अवघड प्रश्न सुचवत होते. तोवर त्यांनी मेंढीचं नाव काढणं सोडलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, एका स्वच्छ दुपारी, खांब मुका झाला. लग्नाला निघालेल्या अकरा माणसांची गाडी फाटकाशी थांबली. मी म्हणालो, "माहीत नाही."

चालक भडकला. "यंत्राला माहीत नाही, म्हाताऱ्याला माहीत नाही! आकाश बघा की, निळंशार आहे!"

दांडा हाताने उघडायची किल्ली अकांच्या खिशात होती. ती त्यांनी काढली नाही. "माहीत नाही म्हणजे बंद. उतरा, चहा घ्या."

"तुमच्या चहासाठी लग्न थांबणार का?" गाडीतली एक बाई कडाडली.

"थांबेल, ताई. नवरदेव पळालाच, तर मी आहे की!"

हसतहसत सगळे उतरले. दुसरी किटली उकळायच्या आत पेले खणखणले, खिडक्या थरथरल्या आणि उतारावरचा अख्खा बर्फ कोसळून फाटकापुढच्या रस्त्यावर आला. चालकाने टोपी काढली. मग त्याने अकांचा हात दोन्ही हातांत धरला.

अकांनी जिपाराला फोन केला. "पोरी, तुझ्या दोन शब्दांनी आज अकरा माणसं वाचवली." ती एवढंच म्हणाली, "तुम्ही विचारलं म्हणून, अका."

आता नवा संगणक आला आहे. उद्या माझी वीज काढतील. मला दुःख नाही. फक्त एक विनंती आहे. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, पण त्याला अवघड प्रश्नही विचारा, आणि तेही काम सोपवण्याआधी. "माहीत नाही" असं कुणी खरं सांगितलं, तर त्याच्यावर ओरडू नका. उतार शांत झाला की फावडं घ्या, वर जा आणि खांबावरचा बर्फ खरवडा.