फेरीत बोलायचं नाही

‘आवळू नकोस एवढ्यात. आधी तिला जमिनीवर उभी राहू दे.’

आवाज अगदी कानाशी आला म्हणून तिनं मान वळवली, पण मागं कुणी नव्हतं. तळहातावर फक्त एक नट होता, तेलानं चकाकणारा, आणि तो आवाज आत्ताचा नव्हताच... शाळेचा गणवेश न बदलता ती तडक गॅरेजात यायची तेव्हाचा तो. बाबा तिला स्टुलावर उभं करायचे आणि बॉनेटखालचे ते तीन नट दाखवायचे — चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्याचं, स्ट्रटचं डोकं गाडीच्या अंगाला धरून ठेवणारे. गाडी जॅकवर असेतो ते नुसते बोटांनी बसवायचे. चाकं टेकली, गाडीनं आपला भार आपण घेतला, की मग पान्यानं आवळायचे. अधांतरी आवळलंस तर तिरकं बसेल, म्हणायचे, आणि मग बिचारी जन्मभर कण्हत राहील.

तेच बाबा आत्ता बाहेर बाकावर बसले होते, हातात चहाचा कप, नजर रस्त्यावर. जॅकवरची गाडी त्यांचीच होती, छोटीशी, उन्हानं रंग विटलेली. सकाळी ते आले तेव्हा ती दिसायच्या आधी ऐकू आली होती. वळणावर, खड्ड्यात, पुढून, डावीकडून — टक्. मग पुन्हा टक्. तिच्या हातातला पाना तसाच राहिला होता. बाबांनी गाडी दारात लावली, खाली उतरले, आणि अगदी सहज म्हणाले, ‘टायरची हवा तेवढी बघ गं.’

हवा...

ज्या माणसानं चहा पिता पिता, न उठता, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्याच्या गाडीला हाक मारून थांबवलं होतं — ‘अहो, मागचं उजवं बघून घ्या, परतताना रडवेल’ — आणि ज्याला सगळा बाजार ‘कानवाले’ म्हणून ओळखायचा, तो माणूस त्या टक् टक् आवाजात बसून आला होता आणि हवा बघ म्हणत होता.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी तेव्हाच तिच्याकडे पाहिलं होतं. बाबांच्या वेळचे मिस्त्री, त्यांच्यापासून काही लपवणं कठीण.

‘कानवाल्यांना कळलं नाही होय?’

‘कळलं होतं की. मला कालच म्हणाले होते.’

‘बरं,’ मिस्त्री म्हणाले, आणि फडक्यानं उगाचच कोरडे हात पुसत राहिले. ‘म्हणाले असतील.’

मी खोटं का बोलले? कुणाची लाज राखली, त्यांची की माझी... मग गाडी जॅकवर घेण्याआधी तिनं डाव्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून भार दिला होता आणि सोडला होता, जसं लहानपणी शिकली होती तसं, ओठांत गाणं घोळवत — बाबांनीच रचलेलं, कामाच्या ठेक्याचं —

दाबली की खाली गं, सोडली की वर,
दुसऱ्यांदा डोलली तर हात तिथं धर.

गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर... पाळण्यासारखी डोलतच राहिली. वाकून पाहिलं तर स्ट्रटच्या अंगावरून तेल ओघळलेलं, त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली. टायर जागोजाग खाल्लेलं. हे एका दिवसाचं नव्हतं. कितीतरी दिवस ती ओरडत होती, आणि ते तिच्यात बसून येत होते, जात होते. एकटे नव्हे. रोज संध्याकाळी पोहण्याच्या तलावावरून चिमणीला आणत होते. माझ्या लेकीला.

चिमणीनंच परवा जेवताना सांगितलं होतं, हसत हसत. ‘आई, आजोबांचा आणि माझा एक खेळ आहे. सिग्नलला मागचे भोंगे वाजवतात ना, तरी ते हलतच नाहीत. मग मी त्यांच्या दंडाला हात लावते, मग निघतात. त्या दिवशी अॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी दोनदा हात लावला.’ बाबाही हसले होते, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, मागोमाग. हल्ली ते असेच हसतात. आधी सगळ्यांची तोंडं बघतात.

आज संध्याकाळी ते पुन्हा निघतील. किल्ली बोटात फिरवत निघतील. त्याआधी बोलायला हवं, आणि बोलायचं ते एक वाक्य सकाळपासून तिच्या तोंडात गोटीसारखं फिरत होतं — बाबा, तुम्ही आता गाडी... बाबा, डॉक्टरांना एकदा कान... बाबा, चिमणीला उद्यापासून मीच... कुठूनही सुरू केलं तरी शेवटी ते एकाच जागी जाऊन पडत होतं: कानवाल्यांचा कान गेला. आणि ते कुणी सांगायचं? ज्या पोरीला त्यांनी ऐकायला शिकवलं, तिनं.

जुना स्ट्रट बाहेर निघाला. चिमट्यात आवळलेल्या स्प्रिंगच्या पोटातून तो अलगद काढून तिनं त्याचा दांडा तळव्यानं आत दाबला. गेला, आणि तिथंच राहिला. नव्याचा दाबला तर तो सावकाश, जसं काही विचार करून, आपण होऊन वर आला... ती ते बघत राहिली.

‘उजवा अजून वर्षभर चालला असता,’ मिस्त्री म्हणाले.

‘जोडीनंच बदलायचा. नाहीतर नवा एकीकडे ओढतो, जुना दुसरीकडे. तुम्हीच शिकवलंत.’

‘मी नाही बाई. त्यांनी.’ आणि मिस्त्रींनी हनुवटीनं बाकाकडे खूण केली. बाबा तिकडून त्यांच्याकडेच पाहत होते. नुसते पाहत नव्हते, टक लावून, ओठांकडे... की तो तिचा भास?

गाडी जॅकवरून उतरली. उजवीकडचे तीन नट तिनं आवळले. बाबा उठून आले होते. ‘झालं? चल, फेरी मारू.’

फेरी. काम झाल्यावर मालकाला शेजारी बसवून, काचा वर करून, खडबडीत रस्त्यानं गाडी फिरवून आणायची आणि परत येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा बाबांचा नियम; बडबडे गिऱ्हाईकसुद्धा त्यात गप्प बसायचं. तिनं बॉनेट लावलं. गोटी तोंडात फिरतच होती. फेरीनंतर, तिनं ठरवलं. फेरी झाली की लगेच.

गॅरेजच्या दारातल्या उंचवट्यावर चाक चढलं आणि डावीकडून आवाज आला. टक्.

डावे तीन... डावे तीन नट नुसते बोटांनी बसवलेले तसेच राहिले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गतिरोधकावर टक्, खड्ड्यात टक् टक्, बंद काचांच्या आत तो आवाज घुमत होता, आणि शेजारी बाबा डोळे अर्धे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते — ऐकण्याची ती त्यांची जुनी बैठक, सगळ्या बाजारानं पाहिलेली. रस्त्याच्या टोकाला त्यांनी मान डोलावली.

‘छान. अगदी चिडीचूप झाली बघ.’

तिनं समोर बघत, साध्या आवाजात, नियम मोडून ते वाक्य बोलून टाकलं. ‘बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही.’

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर तेच समाधान. वाक्य गाडीभर फिरलं आणि तिच्याच मांडीवर येऊन पडलं. म्हणजे ते अजून बोललं गेलंच नव्हतं. आता मी काहीही बोलू शकते, तिला वाटलं, अगदी काहीही... आणि या विचारानं तिला इतकं एकटं वाटलं की तिनं गाडी कडेला घेऊन बंद केली, उतरून बॉनेट उघडलं, त्यांना हात धरून पुढं आणलं आणि त्यांचा तळवा डाव्या स्ट्रटच्या डोक्यावर ठेवला. मग मडगार्डवर भार देऊन सोडला.

टक्.

तो त्यांच्या हातात वाजला. बोटं क्षणभर दचकली, मग एकेका नटावर गेली, चिमटीनं तो फिरवून पाहिला. नट फिरले.

‘दारापासून वाजतेय?’

ती त्यांच्या पाठीशी होती. ‘हो,’ म्हणाली. त्यांनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनं मान हलवली.

‘आणि सकाळी?’

तिनं पुन्हा मान हलवली.

‘पाना दे.’

त्यांनी एक नट आवळला. दुसरा आवळला. हात तेच होते, न थरथरणारे, किती आवळायचं ते मनगटानं जाणणारे. तिसऱ्यावर पाना ठेवला आणि थांबले. तोंड बॉनेटखालीच होतं, म्हणून आवाज जरा पोकळ आला, जरा मोठाही. आपला आवाज केवढा आहे हे माणसाला कळेनासं झालं की येतो तसा.

‘मागच्या थंडीपासून गं. आधी बारीकसारीक गेलं, मग सगळंच. तुझं मी तोंड बघून समजून घेतो.’ पाना अर्धा फेरा फिरला. ‘चिमणी माझ्या दंडाला हात लावते ना, तो खेळ नाही. मला ठाऊक आहे. किल्ली द्यायची म्हटलं की... हात पुढं होत नव्हता.’

तोंडातली गोटी कुठं गेली तिला कळलं नाही. दिवसभर जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि तिच्याजवळ आता तयार असं एकही वाक्य नव्हतं. ती त्यांच्या पाठीमागून निघाली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि त्यांच्या समोर, उन्हात, जिथं तिचे ओठ त्यांना नीट दिसतील अशा जागी उभी राहिली.