काट्यावरचं लाल फडकं

"उघडा!" हलकेबाबांनी हुकूम सोडला आणि त्यांच्या शिष्येने वजनकाट्याच्या आकड्यांच्या तबकडीवरचं लाल फडकं अलगद उचललं. काट्यावर उभ्या असलेल्या बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"एकाहत्तर!" शिष्या ओरडली. "मागच्या गुरुवारी बहात्तर होत्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाई रडायलाच लागल्या. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यातली प्रत्येक व्यक्ती त्या एका किलोसाठी अशा टाळ्या वाजवत होती, जणू घरचंच कोणी परीक्षेत पहिलं आलंय. दुसऱ्या रांगेत माझी ताई होती. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले होते.

"अन्नाला वजन नसतं, बायांनो," बाबा सांगत होते. अंगाने ते स्वतः चांगलेच भरलेले होते, पण त्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. "वजन असतं चिंतेला! पाव पोटात जातो आणि निघून जातो. चिंता मात्र कमरेला चिकटते. ती इथे टाका आणि घरी जाऊन पोटभर जेवा. चालायला जाऊ नका, घाम गाळू नका. घाम म्हणजे शरीराचं रडणं! आणि एक लक्षात ठेवा. दुसऱ्या कुठल्या काट्यावर पाऊल ठेवलंत, की सगळं फळ गेलं!"

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझे कान टवकारले. तीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. दुसऱ्या काट्याला घाबरणारा माणूस भेटला, की पहिल्या काट्यात काहीतरी गडबड आहे हे मी डोळे झाकून सांगतो.

मी तिथे का गेलो होतो, ते सांगायला हवं. ताई कपडे अल्टर करण्याच्या दुकानात काम करते. मेहुणे गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगी लग्न करून लांब गेली. मी दोन स्टॉप पलीकडे एकटाच राहतो आणि तरी महिना महिना तिच्याकडे फिरकत नाही. तिचे गुडघे पार गेलेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ऐंशी किलोंवर या, मग शस्त्रक्रिया करू. तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी होती. त्यांनी खाण्याचा तक्ता दिला, खुर्चीत बसून करायचे व्यायाम दाखवले. पंधरा दिवस तिने ते नेटाने केलं. मग दुकानातल्या कोणीतरी तिला हलकेबाबांकडे नेलं, आणि तक्ता गेला फडताळात.

शस्त्रक्रियेची तारीख आठ दिवसांवर आली, तेव्हा मी तिला भेटायला गेलो. ती खिडकीशी बसून स्वतःच्याच झग्याची शिवण उसवत होती.

"ताई, हे काय करतेस?"

"कंबर थोडी सैल करतेय रे. दाटतो."

"आठ किलो कमी झालेत म्हणालीस ना?"

"झालेत!" तिने बाबांचं कार्ड माझ्यापुढे धरलं. अठ्ठ्याऐंशीपासून ऐंशीपर्यंत आकडे ओळीने उतरत गेलेले. "बाबा म्हणतात, चरबी जाण्याआधी फुगते."

जिचा दिवस लोकांच्या कमरा मोजण्यात जातो, त्या बाईने गळ्यातली टेप एकदाही स्वतःच्या कमरेला लावली नव्हती. मला हसू आलं नाही. मेजावर बिस्किटांचा रिकामा पुडा होता आणि कप एकच होता.

म्हणून त्या गुरुवारी मी बाबांच्या सभेला गेलो. आणि वाकून काटा नीट पाहिला. तबकडीच्या कडेला माझंच सील होतं.

मग आठवलं. दोन महिन्यांपूर्वी एक गोड बोलणारे गृहस्थ हा काटा घेऊन माझ्याकडे आले होते. ते हेच हलकेबाबा, तेव्हा साध्या शर्टात होते. "हा मागचा पेच कशासाठी हो?" त्यांनी विचारलं. माझ्या कामाबद्दल मला कोणी काही विचारत नाही. लोक काटा ठेवतात, घेऊन जातात. मी खुलून तासभर बोललो. पेच फिरवला की शून्य कसं मागे-पुढे होतं, दहा-बारा किलोंपर्यंत कसं सरकवता येतं, स्प्रिंग कशी ताणते, सगळं सगळं. "तुमचं ज्ञान फार मोठं आहे," असं म्हणून ते गेले, आणि मी पुढचे दोन दिवस त्या एका वाक्यावर खूश होतो. लाज वाटते, पण खरं आहे ते.

मी पिशवीतून माझं वीस किलोंचं प्रमाणित लोखंडी वजन काढलं आणि पुढे गेलो.

"बाबा, याचाही भार उतरवा."

लोक हसले. बाबांनी मला ओळखलं असावं, कारण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काही बोलायच्या आत मी वजन काट्यावर ठेवलं आणि फडकं उचललं.

"किती दिसतंय, वाचा कोणीतरी."

पुढच्या रांगेतल्या बाई चष्मा सावरत वाकल्या. "दहा."

"वजनावर कोरलंय वीस. या लोखंडाने कोणती चिंता टाकली, ते विचारा बाबांना."

"यंत्राचा दोष आहे!" बाबा ओरडले.

"मग रिकामं यंत्र बघू." मी वजन उचललं. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर यायला हवी होती. ती शून्याच्या मागे दहा घरं जाऊन थांबली. "म्हणून हे फडकं. रिकामा काटा तुम्ही कधी पाहिलाच नाहीत. दर गुरुवारी हा पेच थोडासा फिरतो, आणि चाळीस जण एकदम हलके होतात. पेच दहा किलो सरकलाय. ज्यांचे कार्डावर आठच कमी झाले, त्यांचे खरे दोन वाढलेत."

मी सगळ्यांसमोर पेच फिरवून सुई शून्यावर आणली, वीसचे वीस दाखवले. एवढ्यात बाबा मागच्या जिन्याने पसार झाले. मला वाटलं होतं, लोक माझे आभार मानतील. कोणी मानले नाहीत. "तुम्हाला काय मिळालं यातून?" एक बाई म्हणाल्या, आणि सगळे एकमेकांकडे न बघता एकेकटे निघून गेले. खाली रस्त्यावर दोघं जणसुद्धा बोलत उभे राहिले नाहीत.

ताई शेवटपर्यंत बसून होती. मग कठड्याला धरून उठली आणि काट्यावर चढली. नव्वद.

"मला माहीत होतं रे," ती म्हणाली. "सुई-दोरा माझ्याच हातात होता ना. पण मी आत आले की चाळीस माणसं वळून बघायची. माझ्या एका किलोसाठी टाळ्या वाजवायची. तू खरं सांगितलंस, ठीक आहे. आता संध्याकाळी घरी जाऊन मी करू काय? भिंतींशी बोलू?"

मी तिचा हात धरून तिला जिना उतरवला.

शस्त्रक्रिया पुढे गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फडताळातला तक्ता पुन्हा काढायला लावला. "यात मंत्र नाही," त्या म्हणाल्या. "रोज जेवढी ऊर्जा खर्च होते, त्याहून थोडी कमी खायची. उपाशी राहायचं नाही. नुसत्या व्यायामावरही विसंबू नका, अर्धा तास हळू चालून जे जळतं ते दोन-तीन बिस्किटांत परत येतं. दोन्ही सांभाळा. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी पुष्कळ."

"अर्धाच?" ताई म्हणाली.

"अर्धा. पण तुमचा."

आता मी रोज संध्याकाळी ताईकडे जातो. ती खुर्चीत बसून पाय उचलते, मी मोजतो आणि चुकतो, ती चिडते. मग गुडघे झेपतील तेवढं आम्ही चालतो, चौकापर्यंत आणि परत. तेल चमच्याने मोजून घालतो. जेवताना दोन ताटं असली की ती दोन घास कमी खाते, हे कुठल्या तक्त्यात नव्हतं. तीन महिन्यांत पाच किलो उतरले. अजून पाच बाकी आहेत आणि गुडघे रोज दुखतात.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, तुमचा आकडा दुसऱ्या काट्यावर का चालत नाही? तो चिडला तर समजा. पण त्याच्याकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाल, तेव्हा शिकवून लगेच घरी पळू नका. मी तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणले, आणि माझी बहीण रोज रात्री एकटी जेवते हे मला तिच्या उसवलेल्या शिवणीवरून आणि मेजावरच्या त्या एका कपावरून कळलं.